उलट्या निशाणाचं नाणं

१

सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता मी चाळीस नंबरचं पाकीट उघडलं, नाणं कडेने धरून भिंगाखाली नेलं, आणि पाहते तर काय, जहाजाचं निशाण वाऱ्याच्या दिशेने फडकत होतं. एरवी निशाणाने तेच करावं. या नाण्यावर मात्र ते उलटं फडकायला हवं होतं.

मी आमच्या लिलावघराची पारखी. वीस वर्षं हे काम करते आणि चांगलं करते. त्यात उगाच लाजायचं कशाला? माझ्यासमोर येणाऱ्या प्रत्येक नाण्याला मी दोन प्रश्न विचारते. तू किती शाबूत आहेस? आणि तुझ्यासारखी आणखी किती आहेत? लोकांना वाटतं हा एकच प्रश्न आहे. एखादं नाणं अगदी कोरं करकरीत असतं आणि तशी पोत्याने सापडतात. दुसरं घासून गुळगुळीत झालेलं असतं, पण जगात तेवढं एकच उरलेलं असतं.

जहाजाचं हे सोन्याचं नाणं तसं अपूर्वाईचं नाही. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला शिडं फुगवून निघालेलं जहाज. हजारोंनी पाडली गेली. पण पहिल्या खेपेचा ठसा ज्याने कोरला, त्याने जन्मात कधी जहाज पाहिलं नसावं. त्याने शिडं उजवीकडे फुगवली आणि डोलकाठीवरचं निशाण डावीकडे फडकवलं. एका जहाजावर दोन वारे! चूक लक्षात आल्यावर टांकसाळीने नवा ठसा केला आणि जुनी खेप वितळवून टाकली. त्यातून निसटलेली अकरा नाणी आजवर नोंदली गेली आहेत. चाळीस नंबरच्या पाकिटात बारावं असणार होतं. नाण्याच्या मालकाने पत्रासोबत निशाणाचा मोठा केलेला फोटो पाठवला होता, आणि तो पाहून मी आठवडाभर हवेत होते.

आता माझ्यासमोर होतं ते नाणं अस्सल होतं. सोनं अस्सल, छाप अस्सल, अवस्था तर अशी की कालच टांकसाळीतून निघालं असावं. फक्त ते पोत्याने सापडणाऱ्यांपैकी होतं.

मी लिलावघराच्या मालकांना बोलावलं. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले.

“बदललंय?”

“हे ते नाही, एवढं नक्की.”

तिजोरीला दोन किल्ल्या. एक मालकांकडे, पण ते बुधवारीच परगावी गेले होते आणि कालच परतले होते. दुसरी किल्ली तोळामासा काकांकडे. नाणं आलं गुरुवारी चार वाजता.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांनाही ते नाव तोंडातून काढायचं नव्हतं.

२

तोळामासा काका म्हणजे आमचे वजनदार. कामाने वजनदार, अंगाने काडी. वाऱ्याची झुळूक आली की आम्ही त्यांना धरायचं नाटक करतो. एकतीस वर्षं ते दाराशेजारच्या टेबलावर काटा घेऊन बसतात. येईल ते नाणं तोलतात, पावती करतात, तिजोरीत ठेवतात. मी इथे आले तेव्हा मला नाणं धरायचं कसं हेसुद्धा येत नव्हतं. ते त्यांनी शिकवलं.

त्यांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं गेलं. गिऱ्हाइकांच्या बाकावर. मला फार वाईट वाटलं, पण मी चेहऱ्यावर दाखवलं नाही.

“काका, गुरुवारी काय झालं?”

“रोज होतं तेच. नाणं आणणाऱ्या साहेबांनी ते काट्यावर ठेवलं, आकडा वाचला, सही केली. मग मी उचललं आणि तिजोरीत ठेवलं.”

हा काकांनीच घातलेला नियम. नाणं आणणाऱ्याने स्वतः ते काट्यावर ठेवायचं, आकडा स्वतः मोठ्याने वाचायचा, पावतीवर सही करायची. तोवर काका दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे. नवीन गिऱ्हाइकांना हसू येतं.

“निशाण पाहिलं होतंत?”

“ते तुझं काम. तिळाएवढं निशाण, मला भिंगातूनसुद्धा दिसायचं नाही. मी लिहिलं, जहाजाचं नाणं, एक नग, वजन सात अठ्ठ्याण्णव ग्रॅम.” ते थांबले. “काटा बरोबर आहे माझा.”



मालकांच्या फोननंतर अर्ध्या तासात नाण्याचे साहेब येऊन थडकले. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचे, येतानाच आवाज चढवून. आई दोन महिन्यांपूर्वी गेली, नाणं तिचं, विकून आलेले पैसे साहेब आणि त्यांची धाकटी बहीण यांनी वाटून घ्यायचे, असं ठरलेलं.

“मखमलीच्या डबीत ठेवलेलं होतं ते! चाळीस वर्षं कोणी बोट लावलं नाही!” त्यांनी विम्याच्या कागदांतून दोन मोठे फोटो काढून माझ्यासमोर आपटले. “पंधरा वर्षांपूर्वीचे. निशाण बघा!”

मी पाहिलं. डावीकडे. स्पष्ट, टोकदार, उलटं निशाण. बाराव्या नाण्याबद्दल शंकाच उरली नाही.

“किल्ली कोणाकडे होती?” साहेबांनी विचारलं.

मालकांनी सांगितलं. सांगणं भागच होतं.

“मग आणखी काय हवंय? पाच वाजेपर्यंत माझं नाणं समोर आलं पाहिजे. नाहीतर तुमचा तो काका पोलिसांच्या गाडीत बसलेला मला बघायचाय, आणि भरपाई तुमच्याकडून.”

दार उघडंच होतं. बाकावर बसलेल्या काकांनी सगळं ऐकलं.

“पाचची वाट कशाला, त्याच्या आत सांगते,” मी म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

३

काकांशिवाय पाकिटाला हात लावू शकणारा माणूस एकच होता. आमच्या लिलावाच्या पुस्तकाचे फोटो काढणारा फ्लॅश. माणूस गुणी, पण जिभेला हाड नाही, आणि कामाच्या आधीच कामाला लागायची खोड.

“चाळीस नंबर उघडलं होतंस?”

“मी? नाही बुवा.”

“फ्लॅश, तुझे कान लाल होतात.”

त्याने कानांना हात लावला आणि हरला. “शुक्रवारी. अकरा वाजता. काकांकडून मागून घेतलं, दहा मिनिटांसाठी. तुमच्या आधी बघायचं नसतं, माहीत आहे मला. पण सोन्यावर उजेड कसा पडतो ते एकदा बघायचं होतं. काका समोरच उभे होते, देवाशपथ.”

“फोटो काढलास?”

“एक. जहाजाचा.”

मी त्याला जवळजवळ ढकलतच त्याच्या खोलीत नेलं. शुक्रवारी अकरा वाजता निशाण उलटं असेल तर काका सुटले. कारण नाणं फ्लॅशसमोरच परत ठेवून काका दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, मग शनिवार-रविवारची सुट्टी, आणि तिजोरी आज सकाळपर्यंत बंदच राहिली. मग बदल आज सकाळी माझ्या टेबलावर झाला असं धरावं लागलं असतं, म्हणजे संशय माझ्यावर. तोही मला चालला असता.

फ्लॅशने फोटो पडद्यावर मोठा केला. शिडं उजवीकडे. निशाण उजवीकडे.

म्हणजे नाणं शुक्रवारी अकराच्या आधीच बदललं होतं. गुरुवारी चारपासून तेव्हापर्यंत किल्ली एकाच माणसाकडे होती. काकांना सोडवायला गेले आणि त्यांच्याभोवतीचा फास मीच आवळून आले.

“मॅडम, हा फोटो पुसून टाकू का?” फ्लॅशने हळूच विचारलं.

“पुसलास तर मी तुला पुसून टाकीन,” मी म्हणाले आणि दार लावून घेतलं.

४

दुपारी एकटीच बसून मी साहेबांचे दोन्ही फोटो पुन्हा घेतले. सकाळी मी माती खाल्ली होती, हे कबूल करते. उलटं निशाण म्हटल्यावर सगळ्यांनी निशाणच पाहिलं. मीही. ज्या पारखीने दोन प्रश्न विचारायचे, तिने त्या नाण्याला एकच विचारला होता. तू दुर्मीळ आहेस का? हो. पुढे?

तू किती शाबूत आहेस?

मी भिंग निशाणावरून खाली आणलं. शिडांवर घड्यांच्या रेघा असतात. मधल्या शिडावर त्या नव्हत्याच. जहाजाच्या पोटावरच्या फळ्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. मधला सगळा भाग सपाट, मऊ. आणि कड? कडेचे दाणे न् दाणे मोजून घ्यावेत असे. निशाण कडेलगत, म्हणून तेही टोकदार.

ही झीज विचित्र होती. हातोहात फिरलेलं नाणं आधी कडेला झिजतं, कारण कड उंच असते. हे मध्येच झिजलं होतं. म्हणजे कडेवर कशाचं तरी पांघरूण होतं. मी दुसरा फोटो पाहिला. राजाचा चेहरा! भुवईचा केस न् केस जागेवर. एक बाजू घासलेली, एक कोरी, आणि कड झाकलेली. असं नाणं खिशात फिरत नाही, आणि मखमलीच्या डबीत तर मुळीच झोपत नाही.

मी फोन उचलला आणि साहेबांच्या बहिणीला बोलावलं. नाणं बदलल्याचं भावाने तिला कळवलेलंच नव्हतं. ते मी सांगितलं. मग ती म्हणाली, “शाळा सुटली की येते. मला दादाशी बोलायचंय.”

“आधी माझ्याशी बोला, ताई.”

५

ताई साडेचारला आली. हातावर खडूची पांढरी धूळ तशीच. मी तिला फोटो दाखवला नाही, झिजेबद्दल चकार शब्द काढला नाही. साक्षीदाराच्या तोंडात आपलं उत्तर घालायचं नसतं.

“आई नाणं कुठे ठेवायची?”

ताईला प्रश्नच कळला नाही. “ठेवायची कुठे? गळ्यात असायचं. बाबांनी लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला दिलं, तेव्हापासून. सोन्याचं गोल कोंदण आणि साखळी. स्वयंपाक करताना नाही काढलं, आजारपणात नाही काढलं. विम्याच्या फोटोसाठी एकदा तेवढं कोंदणातून काढलं, तर त्या माणसाच्या डोक्यावर उभी होती.”

“आणि आत्ता ते कोंदण?”

तिने पर्समधून काढून टेबलावर ठेवलं. रिकामी गोल चौकट, बारीक साखळीला अडकलेली. “नाणं विकायचं म्हणून दादाने काढून घेतलं. हे तुला राहू दे म्हणाला.”

“कोणती बाजू बाहेर असायची?”

“राजाची. जहाज आतल्या बाजूला.” ताईचे डोळे भरून आले. “लहानपणी मी हट्ट करायची, जहाज बाहेर घाल ना. ती म्हणायची, राजा लोकांना दाखवू, जहाज माझ्याजवळ असू दे.”

मला एवढंच हवं होतं. चाळीस वर्षं एका बाईच्या चालण्याबोलण्याबरोबर, श्वासाबरोबर ते जहाज कपड्यांवर घासत होतं. फोटोतली झीज तीच.

मी काकांच्या टेबलावरून गुरुवारची पावती घेतली. सकाळपासून ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून होती.

६

पाच वाजता मालकांच्या खोलीत सगळे जमले. साहेब घड्याळ बघत, ताई त्यांच्याकडे बघत, फ्लॅश कोपऱ्यात, काका दाराशी उभे. टेबलावर काकांचा काटा आणि चाळीस नंबरचं पाकीट.

“साहेब,” मी म्हणाले, “गुरुवारी नाणं काट्यावर कोणी ठेवलं?”

“मी.”

“त्याआधी काकांनी हातात घेतलं असेल.”

“छे! हा माणूस हात मागे बांधून उभा. मला तर नाटकच वाटलं. सही झाल्यावर उचललं त्याने. त्यानंतर काय ती हातचलाखी.”

“म्हणजे काट्यावर होतं ते आईंचंच नाणं. नक्की?”

“शंभर टक्के!”

“आकडा आठवतो?”

“सात अठ्ठ्याण्णव. मीच वाचला. खाली माझी सही आहे, वाचता येत असेल तर बघा.”

“येतं की वाचता.” मी पावती मालकांसमोर सरकवली. “सात अठ्ठ्याण्णव म्हणजे हे नाणं टांकसाळीतून बाहेर पडतं तेव्हाचं पूर्ण वजन. ताई, आई नाणं कुठे ठेवायची ते या सगळ्यांना सांगा.”

ताईने सांगितलं. मालकांनी मखमलीच्या डबीचं नाव काढताच ती भावाकडे वळली. “कुठली डबी, दादा?”

साहेबांच्या चेहऱ्यावरची इस्त्री उतरली.

मी फोटो मालकांच्या हातात दिले. “सोनं मऊ असतं. मधल्या शिडाच्या घड्या गेल्या, फळ्या गेल्या. ते सोनं कपड्यांवर थोडं थोडं उतरलं. हा फोटो तर पंधरा वर्षांपूर्वीचा, पुढेही ते घासतच राहिलं. असं नाणं सात अठ्ठ्याण्णव भरूच शकत नाही. काट्यावर ठेवलेलं नाणं पूर्ण वजनाचं होतं, ते साहेबांनी स्वतःच्या हाताने ठेवलं, काकांनी त्याला तोवर बोटही लावलं नव्हतं, हे सगळं साहेबांनीच आत्ता सांगितलं. तिजोरीत काही बदललं नाही. साहेब दारातून आत आले तेव्हाच त्यांच्या हातात दुसरं नाणं होतं.”

“काटा बिघडलेला असेल!”

दाराशी काकांची मान पहिल्यांदाच ताठ झाली. मी काट्यावर दहा ग्रॅमचं प्रमाण वजन ठेवलं. दहा. तंतोतंत. मग चाळीस नंबरचं नाणं. सात अठ्ठ्याण्णव.

“दुर्मीळ म्हणजे काय ते तुम्हाला बरोबर कळलं, साहेब. उलटं निशाण, बारावं नाणं. साधं नाणं बाजारात मिळतं, तेही तुम्ही शोधलंत. फक्त अवस्था हा वेगळा प्रश्न आहे, हे तुमच्या डोक्यात आलं नाही. उलट कोरं म्हटलं तर भरपाई वाढेल, म्हणून डबी रचलीत. जुनं ते सगळं सारखंच, असं धरून चाललात.”

“हे सगळे तर्क आहेत! पुरावा काय?”

मी काही बोलणार तोच ताई उठली. भावाच्या समोर जाऊन उभी राहिली आणि खडूने पांढरा झालेला हात पुढे केला.

“दादा, आईचं नाणं दे.”

ती ओरडली असती तर साहेब भांडले असते. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं. मग कोटाच्या आतल्या खिशातून पैशांचं पाकीट काढलं आणि त्याच्या चोरकप्प्यातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी तिच्या तळहातावर ठेवलं. घरी ठेवलं असतं तर बायकोच्या हाती लागलं असतं, असं काहीतरी पुटपुटले.

काट्यावर ते सात त्र्याऐंशी भरलं. निशाण डावीकडे होतं.

मालकांनी पारखी म्हणून माझं मत विचारलं. मी सांगितलं, अवस्था मध्यम, एका बाजूला बरीच झीज, दुर्मीळ म्हणाल तर जगातलं बारावं. ताई त्या सपाट शिडावरून अंगठा फिरवत होती. कोणाही संग्राहकाने किंकाळी फोडली असती. मी फोडली नाही.

“अवस्था मध्यम नाही,” ती म्हणाली. “जशी हवी तशी आहे.”

७

साहेबांचं पुढे काय करायचं ते ताई ठरवणार होती आणि मालकांचा वकील. भाऊ-बहीण गेल्यावर मालकांनी काकांचे हात हातात घेऊन माफी मागितली. काका “असू दे, असू दे” म्हणाले. फ्लॅशने त्यांचा एक फोटो काढला. मग मी आणि काका उरलो.

एक गोष्ट मी इथवर सांगितली नाही, कारण मला तिची लाज वाटत होती. सकाळी काका बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि मालक साहेबांना फोन करत होते, तेव्हा सगळ्यात आधी मी काकांच्या टेबलाचा खण उघडला होता. जेवणाचा डबा, रुमालाची घडी, गोळ्यांची पट्टी, सगळं उलटंपालटं करून पाहिलं होतं. ज्या माणसाने मला नाणं धरायला शिकवलं, त्याच्या रुमालाची घडी मी उलगडून बघितली. दिवसभर त्यांच्यासाठी लढले ते त्यानंतर.

“काका,” मी म्हणाले, “सकाळी मी तुमचा खण तपासला.”

“माहीत आहे.”

“घडी नीट घातली होती मी.”

“घडी सोड. त्या खणाला कुलूप असतं. मला बाकावर बसायला सांगितलं तेव्हा उठता उठता मीच ते काढून ठेवलं.”

मी त्या खणाकडे पाहिलं. 

काकांनी काट्यावर कापड घातलं. “तू बघितलं नसतंस तर मला जास्त लागलं असतं. एकतीस वर्षांत मी एकच माणूस तयार केला, आणि तोही ओळखीचा चेहरा बघून वजन सांगणारा निघाला असता तर मी काय केलं म्हणायचं इथे बसून?”

मग त्यांनी टोपी घातली, दिवा मालवला आणि उद्या जरा लवकर ये म्हणाले, एक्केचाळीस नंबर तसाच पडलाय.